मशीनवरचं फडकं

प्रिय डॉक्टर,

छातीच्या आजारांत एमडी झालीस, बाँडचं म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं वर्ष जिल्ह्याच्या ठिकाणी मिळालं, आणि विचारतेस, 'सर, एकटीला जमेल का?' एकटीला नाही जमणार.

मी जमवायला गेलो होतो. ओपीडी, ब्रॉन्कोस्कोपी (दुर्बीण घालून श्वासनलिका बघणं), रात्रीचे व्हेंटिलेटर, सगळं अंगावर घेतलं. स्पायरोमेट्री, म्हणजे मशीनमध्ये फुंकायला लावून फुप्फुसांची तपासणी, करणारा तंत्रज्ञ नागपूरला चांगल्या पगारावर गेला (त्याचं काय चुकलं?) आणि मशीन सहा महिने फडक्याखाली पडून राहिलं. तेवढ्या काळात धाप लागलेला जो आला, त्याला मी अंदाजानंच दम्याचा पंप दिला. त्यात जन्मभर चुलीपुढे बसलेल्या बाया होत्या, वणी-घुग्गुसकडचे कोळसा खाणीतले लोक होते. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगमधला एक मजूर म्हणायचा, 'सुट्टीनंतर सोमवारीच छाती आवळते, डाक्टर.' कापसाच्या धुळीच्या आजाराची ती खूण पुस्तकात वाचलेली होती. माझ्या मात्र महिनाभरानं ध्यानात आली.

शेवटी वॉर्डातल्या एका सिस्टरलाच शिकवलं. 'फुका मावशी, फुका, अजून, अजून!' असं ओरडत ती सहा सेकंद श्वास सोडायला लावते. पंप देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावते. तिचे आलेख माझ्यापेक्षा चांगले येतात.

पगार, रजा, क्वार्टर यांची भांडणं तू करशीलच. पण पॅराक्वाट या तणनाशकाबद्दल आत्ताच ऐकून ठेव. ते पिऊन आलेला पोरगा पहिल्या दिवशी नीट बोलतो. 'मले घरी जाऊ द्या नं' म्हणतो. उतारा नाही, आणि फुप्फुसं पुढच्या काही दिवसांत आखडत जातात. नातेवाईक ऑक्सिजन लावा म्हणून अंगावर येतील. फार खालावल्याशिवाय लावू नकोस, त्यानं इजा वाढते. हे समजावणं उपचारापेक्षा अवघड. त्या रात्री फोन करायला कुणीतरी हवं. मला नव्हतं. तू मला कर, दोन वाजले तरी.

टीबीसाठी थुंकी तपासायच्या ओपीडीत एन-९५ मास्क काढायचा नाही, उन्हाळ्यातही नाही.

रुजू होण्याआधी दोन दिवस इकडे ये. माझ्याकडे बसू नकोस, सिस्टरकडे बस. मशीन रोज सकाळी कसं तपासून घ्यायचं ते तिला विचार. मी अजून तिलाच विचारतो.

तुझा,
सर