केनियाला निघताना पिवळं कार्ड

प्रश्न : साठी ओलांडलेल्या आई-बाबांना दिवाळीत केनियातलं मसाई मारा अभयारण्य दाखवायचंय. व्हिसा, लस यांचं काय?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : व्हिसाऐवजी जानेवारी २०२४ पासून ऑनलाइन ईटीए (प्रवासाचा पूर्वपरवाना) लागतो. खरी अडचण परतीची. पीतज्वराच्या (यलो फीवर) लशीचं पिवळं कार्ड, म्हणजे लस घेतल्याचा दाखला, नसेल, तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस मान्यताप्राप्त केंद्रातच मिळते, त्यामुळे जवळचं केंद्र आधीच शोधून ठेवा. कार्ड लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं, मग आयुष्यभर चालतं. त्यावरचा पासपोर्ट क्रमांक केंद्रातच ताडून घ्या. मात्र साठीनंतर, किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असल्यास, ही लस जोखमीची ठरू शकते; तिकिटं काढण्याआधीच डॉक्टरांना विचारा. मसाई मारात मलेरिया आहे. त्याच्या प्रतिबंधक गोळ्या परतल्यावरही पूर्ण करायच्या. लोक इथंच चुकतात. आणि चिवडा-लाडू कापडी पिशवीत भरा, तिथं प्लास्टिक कॅरीबॅगवर बंदी आहे.