काँगच्या पिल्लाचा सांगाडा आणि तुमचा लेथ

प्रश्न : कोल्हापूरला उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग. मुलगा यंदा बारावी सायन्सला आहे. सुट्टीत लेथवर बसतो, हात चांगला आहे. पण 'किंग काँग' आणि त्याचा पुढचा भाग 'सन ऑफ काँग' पाहिल्यापासून मातीचे डायनोसॉर करून मोबाइलवर एकेक फोटो काढत बसतो. म्हणतो, मला असलेच सिनेमे करायचे आहेत, इंजिनिअरिंग नको. यात पोट भरतं का? शिक्षण कुठलं? – एक पालक, कोल्हापूर

उत्तर : नमस्कार. मुलगा वर्कशॉपपासून दूर चाललाय असं तुम्हाला वाटतंय, पण त्याने पाहिलेल्या या श्वापदांचा जन्मच वर्कशॉपमध्ये झालेला आहे. ते कसं, हे आधी सांगतो.

काँग या महाकाय वानराचा पुतळा जेमतेम १८ इंचांचा होता. आत धातूचा सांगाडा, प्रत्येक सांध्याला गोळी आणि वाटी, म्हणजे बॉल-सॉकेट. त्यावर कापूस, रबर आणि लॅटेक्स चढवून स्नायू केले आणि वर सशाची कातडी लावली. या सांगाड्याला आर्मेचर म्हणतात; मोटरच्या आर्मेचरशी त्याचा संबंध नाही. पुतळा किंचित हलवायचा, कॅमेऱ्याची एक चौकट घ्यायची, पुन्हा हलवायचा. एका सेकंदाला २४ चौकटी, एका मिनिटाला १४४०. या तंत्राला स्टॉप-मोशन म्हणतात. 'किंग काँग'मध्ये विलिस ओब्रायन त्याचे प्रमुख होते आणि पुतळे मार्सेल डेलगाडो बनवत. किराणा दुकानात काम करत संध्याकाळी चित्रकला शिकणाऱ्या डेलगाडोंना ओब्रायन यांनीच या धंद्यात आणलं.

'किंग काँग' मार्च १९३३ मध्ये आला आणि तुफान चालला. आरकेओ स्टुडिओला त्याच वर्षी पुढचा भाग हवा होता. पहिल्याला सुमारे ६ लाख ७२ हजार डॉलर लागले होते, दुसऱ्याला सुमारे २ लाख ६९ हजार मिळाले. दिग्दर्शक अर्नेस्ट शोडसॅक, लेखिका रूथ रोझ. डिसेंबरात चित्रपट पडद्यावर होता. इतक्या कमी वेळात तो झाला कसा, हे मुलाला नीट शोधायला सांगा, कारण त्याच्या करिअरचं उत्तर त्यात आहे. काँगच्याच एका सांगाड्यावरची जुनी कातडी उतरवली आणि पांढरट केसांचं पिल्लू त्यावर उभं केलं. पहिल्या चित्रपटासाठी केलेला, पण त्यात न दिसलेला शिंगांच्या झालरीचा डायनोसॉर, स्टायरॅकोसॉरस, कपाटातून काढून वापरला. जेमतेम ७० मिनिटांच्या चित्रपटात साधारण अर्ध्यापर्यंत एकही श्वापद येत नाही, कारण माणसांचे प्रसंग स्वस्त आणि श्वापदाची प्रत्येक चौकट महाग. राक्षस अधिक मोठा करणं परवडणार नव्हतं, म्हणून पिल्लू प्रेमळ आणि थोडं गमतीशीर केलं. चित्रपटाचा नायक डेनहॅम त्याच्या दुखऱ्या बोटाला पट्टी बांधतो, तो प्रसंग त्यातूनच आला. ओब्रायन यांना हा चित्रपट आवडला नव्हता आणि पिल्लाची बरीचशी हालचाल त्यांचे सहकारी ई. बी. गिब्सन यांनी केली.

पहिल्या चित्रपटासारखी संधी आयुष्यात एखाद्यालाच मिळते. एरवी बाकी सगळं काम दुसऱ्या चित्रपटासारखं असतं: निम्मं बजेट, ठरलेली तारीख, जुन्या सांगाड्यावर नवी कातडी. ते काम मन लावून करायची त्याची तयारी आहे का, हे तुम्हा दोघांना बारावीनंतरच्या सुट्टीत कळू शकतं. त्यासाठी त्याला एक जॉब द्या.

पायाच्या तळव्यापासून डोक्यापर्यंत १२ इंचांचा सरड्यासारखा प्राणी. पहिला नमुना ३ मिमी अॅल्युमिनियम तारेचा: दोन तारा एकत्र, एक टोक व्हाइसमध्ये, दुसरं ड्रिलच्या चकमध्ये धरून पीळ द्यायचा. छाती आणि कमरेला एम-सील. ही तार दोन कारणांनी दगा देते. वाकवली की थोडी परत येते, त्यामुळे हालचाल अडखळते. आणि त्याच जागी पुन्हा पुन्हा वाकली की तुटते, बहुतेक वेळा घोट्यात आणि नेमकी शॉटच्या मध्यावर. हे एकदा अनुभवलं की बॉल-सॉकेटची किंमत त्याला आपोआप कळेल.

मग खरा सांगाडा. बेअरिंगचे ८ मिमी छर्रे घेतले तर ते कडक असतात, साधा ड्रिल बिट त्यावर नुसता घसरतो. लालबुंद तापवून राखेत किंवा चुन्यात पुरून रात्रभर थंड होऊ द्यायचे, मग भोक पाडून ३ मिमी सळई ब्रेझ करायची, म्हणजे पितळेने जोडायची. नाहीतर माइल्ड स्टीलच्या गोळ्या लेथवरच फॉर्म टूलने काढायच्या, त्या त्याला जमतील. दोन पट्ट्यांच्या मध्ये दोन्ही टोकांना एकेक गोळी आणि मधोमध एम-३ चा अॅलन बोल्ट, हा एक सांधा. पट्टीतलं भोक गोळीपेक्षा लहान हवं. ८ मिमी गोळीला ६ मिमी भोक पाडलं तर दोन पट्ट्यांत साधारण सव्वापाच मिमी फट राहते. भोक पावणेआठचं केलं तर फट दोन मिमीच्याही खाली येते आणि गोळी थोडी झिजली की पट्ट्या एकमेकींना टेकतात. मग बोल्ट कितीही आवळा, सांधा ढिलाच. भोकाची कड हलकी चाम्फर करा, म्हणजे तिरकी घासा, नाहीतर गोळीवर चर पडतो.

बोल्ट सगळीकडे सारखे आवळायचे नाहीत. घोटा सगळ्यात घट्ट, कारण तिथे पूर्ण वजन येतं, मग कंबर, मग खांदा. बोटं आणि मान सैल. कातडी चढवल्यावरही प्रत्येक बोल्टपर्यंत अॅलन की पोहोचली पाहिजे, म्हणून जागा आधीच आखून तिथे बारीक चीर ठेवायची. तळव्यात एम-४ टॅप मारायचा आणि १२ मिमी प्लायच्या खालून बोल्ट लावायचा. चालताना एक पाय कायम बोल्टने बांधलेला हवा. केसाळ कातडी पहिल्या प्रयत्नात टाळा. काँगच्या अंगावरची लव पडद्यावर सळसळते, ती हलवणाऱ्याच्या बोटांनी दबलेली आहे. त्याऐवजी फोमवर पातळ लॅटेक्सचे चारपाच हात द्या, प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा, आणि शेवटी टाल्कम, नाहीतर काखेत कातडी कातडीला चिकटते.

चित्रीकरणात सगळ्यात जास्त नुकसान प्रकाशामुळे होतं. खिडकी बंद, कॅमेऱ्याचं एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअलवर, अंगात गडद शर्ट. त्या काळी शॉट चालू असताना एखादा बल्ब गेला तर आधीचं कामच फुकट जाई. तुमच्याकडे व्होल्टेज वरखाली होतं, शॉट बिघडायला तेवढंच पुरेसं आहे. दहा सेकंदांच्या २४० चौकटी होतात. प्रत्येक स्थिती दोन चौकटी धरली तर १२० हालचाली. त्या एका बैठकीत संपवायच्या. मध्ये झोपायला गेलात तर सकाळपर्यंत मान उतरलेली असते.

बारावीचं फिजिक्सही वाया जात नाही. 'सन ऑफ काँग'च्या शेवटी भूकंपात बेट बुडतं. पाणी चौकटीगणिक हलवता येत नाही आणि थेंब लहान होत नाहीत, म्हणून असे देखावे वेगाने चित्रित करून पडद्यावर संथ दाखवतात. वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने वाढवायचा: देखावा सोळापट लहान असेल तर चारपट, म्हणजे सेकंदाला ९६ चौकटी.

आपल्याकडेही याची मुळं जुनी आहेत. दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट घेत टिपली आणि ती फिल्म दाखवून पहिल्या चित्रपटासाठी भांडवल उभं केलं. पुढे १९१५ मध्ये त्यांनी आगकाड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' केली.

आता पोटाचं. निव्वळ स्टॉप-मोशनवर भारतात नियमित पगार देणाऱ्या जागा कमी आहेत. काम जाहिरातींतून आणि प्रकल्पागणिक येतं. मुंबईत सुरेश एरियत यांच्यासारखे दिग्दर्शक हे माध्यम जपून आहेत, त्यांची 'टोकरी' मुलाला दाखवा. परदेशात ब्रिस्टलचा आर्डमन आणि ऑरेगनमधला लाइका हे स्टुडिओ पुतळ्यांवर चालतात. लाइकात तर आर्मेचर बनवणाऱ्यांचा वेगळा विभाग आहे. तिथे पोहोचणं अवघड आहे, म्हणून बरोबर दुसरं कौशल्य हवंच. संगणकावरच्या प्राण्यांना हाडं आणि सांधे घालण्याच्या कामाला रिगिंग म्हणतात आणि मुंबई-पुण्याच्या व्हीएफएक्स, म्हणजे संगणकावर दृश्यं घडवणाऱ्या, कंपन्यांत त्याला मागणी असते. ज्याने हाताने सांधा केलाय त्याला ते लवकर उमगतं. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर मोफत आहे, आजच सुरू करा.

शिक्षणात त्याला एकच दार बंद करायला लावू नका. बारावीनंतर अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, अॅनिमेशन फिल्म डिझाइन आहे, त्याची प्रवेश परीक्षा डॅट. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागातल्या बी.डेस. पदवीसाठी युसीड ही परीक्षा. दोन्हींना कुठलीही शाखा चालते. अर्ज आणि परीक्षा बारावीचं वर्ष चालू असतानाच होतात, तेव्हा तारखा संस्थांच्या संकेतस्थळावर आताच पाहा. सोबत सीईटीही देऊ दे. तिथे नाही जमलं तर मेकॅनिकल इंजिनिअरिंग हा या कामासाठी वाया जाणारा रस्ता नाही. पदवीनंतर सीड परीक्षा देऊन आयडीसीत अॅनिमेशनच्या एम.डेस.ला जाता येतं. शिल्पाची ओढ दिसली तर जे.जे.चा शिल्पकला विभागही पाहा. 'शंभर टक्के प्लेसमेंट' लिहिणाऱ्या खासगी वर्गात लाखभर भरण्याआधी त्यांच्या मुलांनी स्वतः हलवलेले शॉट मागा.

एक गोष्ट तुमच्यासाठी. रे हॅरीहाउझन यांनी १९३३ मध्ये तेराव्या वर्षी 'किंग काँग' पाहिला आणि पुढे १९४९ च्या 'माइटी जो यंग'मध्ये ओब्रायन यांच्या हाताखाली बहुतेक हालचाल त्यांनीच केली. त्यांचे वडील फ्रेड मशिनिस्ट होते. मुलगा नकाशा काढायचा आणि वडील लेथवर सांगाडे कातायचे. मुलगा लंडनला गेल्यावरही अमेरिकेतून करून पाठवायचे. १९६३ च्या 'जेसन अँड द आर्गोनॉट्स'मध्ये तलवारी घेऊन लढणाऱ्या हाडांच्या सात सांगाड्यांच्या आतही त्यांचीच कारागिरी आहे.

म्हणून पहिला सांधा तुम्ही दोघं मिळून करा. नकाशा त्याला मिलिमीटरमध्ये काढू दे, टॉलरन्स तुम्ही तपासा. सांधा आवळून ५० ग्रॅमचं वजन सळईच्या टोकाला तासभर लटकवा. सळई खाली आली नाही आणि बोटाने ढकलल्यावर झटका न देता हलली, तर घोटा करायला घ्या.