'वूश्या' म्हणजे देमारपट नव्हे

प्रश्न असा आहे: तलवारबाजांच्या चिनी 'वुक्सिया' चित्रपटांना मराठीत 'कुंगफूपट' म्हणून चालेल का? आणि मारामारीच्या या सिनेमांत एवढं प्रेम कशाला असतं?

आधी उच्चार. तो 'वूश्या'च्या जवळ जातो. चिनी शब्द रोमन लिपीत लिहिताना जो एक्स येतो, तो आपल्या 'श'चा भाऊ. 'वुक्सिया' हे नुसतं अक्षरं पाहून केलेलं वाचन.

'कुंगफूपट' नको. कुंगफू म्हणजे मुळात वेळ आणि घाम खर्चून कमावलेलं कसब, मग ते स्वयंपाकातलं का असेना. ब्रूस लीच्या सिनेमांना ते नाव शोभतं, कारण तिथे सगळी भिस्त हातापायांवर. वूश्यात तलवारी असतात, माणसं छपरांवरून तरंगत जातात.

'वू' म्हणजे शस्त्रविद्या. खरी गोम 'श्या'त आहे: दुबळ्याच्या बाजूने उभा राहणारा, दिल्या शब्दाला जागणारा, पण कुणाच्या पदरी नसलेला. इ.स.पू. 3ऱ्या शतकातला चिनी विचारवंत हान फेई कुरकुरतो की, पंडित लेखणीने कायदा बिघडवतात आणि हे श्या बळावर मनाई मोडतात. इतिहासकार सिमा च्येनने मात्र अशा भटक्या वीरांवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. मराठीत 'शिलेदार' जवळचा वाटतो, घोडा आणि हत्यार स्वतःचं म्हणून. पण तो शेवटी चाकरीतलाच. 'पुंड' म्हटलं की नीती गेली, 'वीर' म्हटलं की भटकेपण गेलं.

आता प्रेम. दिग्दर्शक आंग लीचा 2000 सालचा 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' घ्या. ली मूबाई आणि यू श्यूल्येन यांचं एकमेकांवर प्रेम आहे, हे सगळ्यांना दिसतं. पण श्यूल्येनचा वाग्दत्त पती हा मूबाईचा मानलेला भाऊ होता आणि तो मारला गेला. त्याच्या आठवणीचा मान राखायचा म्हणून दोघं वर्षानुवर्षं गप्प. म्हणजे ज्या इमानामुळे ते 'श्या' ठरतात, तेच त्यांच्या आड येतं. खलनायकाला तलवारीने गाठता येतं, याला कसं गाठणार? एका प्रसंगात मूबाई तिचा हात ओढून स्वतःच्या गालाला लावतो, बस्स. माझ्या मते साऱ्या उड्या-कोलांट्यांपेक्षा तो क्षण भारी आहे. बांबूच्या शेंड्यांवरची प्रसिद्ध झुंजही नीट पाहा: मूबाई वाकलेल्या फांदीवर निवांत उभा आणि त्याच्याशी लढणारी दुसरीच एक तरुण मुलगी तोल सावरताना बेजार. या लढाईत ओढ आहे, चिडवणंही आहे. नुसती हाणामारी म्हणून पाहिलं तर निम्मं हुकतं.

या मंडळींच्या जगाला चिनीत 'ज्यांगहू' म्हणतात, शब्दशः नद्या आणि सरोवरं. दरबार आणि घरदार या दोहोंच्या बाहेरचा मुलूख. प्राचीन चिनी तत्त्वज्ञ च्वांग त्झूच्या ग्रंथात कोरड्यावर पडलेले मासे एकमेकांना फेसाने ओलं ठेवतात; त्यापेक्षा ज्यांगहूत एकमेकांना विसरलेले बरे, असं तिथे म्हटलंय. विरहाची गोष्ट सांगायला याहून चांगला मुलूख कुठला!

तेव्हा भाषांतराचा हट्ट सोडून 'युद्धपट', 'भयपट' यांच्या चालीवर सरळ 'वूश्यापट' लिहावं. पहिल्यांदा वापरताना 'भटक्या तलवारबाजांचा चित्रपट' एवढा खुलासा जोडला की पुरे. 'देमार' हे विशेषण आपल्या हिंदी सिनेमांसाठी राखून ठेवू.