साठीतल्या स्वतःशी चॅट करून दहावीतल्या मुलाला त्याचं भविष्य खरंच कळतं का?

तुम्ही विचारलंय की मुलगा दहावीत आहे, कुठूनतरी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचं ते 'फ्युचर यू' नावाचं एआय चॅट ऐकून आलाय आणि साठ वर्षांच्या स्वतःशी चॅट करून सायन्स की कॉमर्स ठरवणार म्हणतोय, तर करू द्यावं का. करू द्या, पण त्यावर साईड ठरवू देऊ नका.

मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे आतलं सांगतो. आधी तुम्हाला प्रश्न विचारतात, कुठे राहता, जवळची माणसं कोण, पुढे काय करायचंय वगैरे, मग त्यावरून भाषेचं मॉडेल, म्हणजे चॅटजीपीटीसारखं मजकूर लिहिणारं एआय, तुमच्या आयुष्याची एक गोष्ट रचतं, तुमच्या सेल्फीला सुरकुत्या आणि पांढरे केस लावतं आणि तो म्हातारा तुमच्याशी गप्पा मारतो. म्हणजे पोराने 'डॉक्टर व्हायचंय' टाईप केलं की समोर रिटायर्ड डॉक्टरच येणार ना! नीटमध्ये किती पडतील हे त्याला कुठून कळणार, आपला कुडमुड्या जोशी निदान चेहरा बघून तरी काहीतरी वेगळं बोलतो.

मग उपयोग काय? २०२४ च्या एमआयटीवाल्यांच्या अभ्यासात ३४४ जण होते, वय १८ ते ३०, आणि चॅटनंतर त्यांची चिंता कमी झाली, म्हातारपणीचा 'मी' जरा जवळचा वाटायला लागला. म्हणजे मोजलं ते हे, भाकीत खरं ठरलं का हे नाही. आणि दहावीतली पोरं त्यात नव्हतीच.

शाळकरी पोरांवरचा प्रयोग मला जास्त आवडतो, तो नेदरलँड्सचा. व्हान गेल्डर नावाचे संशोधक आणि मंडळींनी २०१५ मध्ये छापला, पोरांना फेसबुकवर मोठेपणीच्या स्वतःशी आठवडाभर जोडून दिलं होतं, फोटो वय वाढवलेला, आणि त्या पोरांनी नंतर वावगे उद्योग कमी केल्याचं सांगितलं. स्वतःच सांगितलं हं, म्हणून मी ते थोडं जपूनच घेतो. पण करिअर निवडायला मदत झाली असा दावा तिथेही नाही.

तुमच्या मुलाला करायचंच असेल तर आधी साईटवरची वयाची अट बघा, आणि दोनदा करायला सांगा, एकदा सायन्स लिहून, एकदा कॉमर्स लिहून. दोन्ही म्हातारे बहुतेक खूशच निघतील, मग तो तुमच्याशी बोलायला येईल तेव्हा अकरावीच्या कॉलेजची फी, क्लास आणि त्याला खरंच कुठला विषय झेपतो ते बोला.