दादांच्या नंतरचा

“माझ्या आधीच्या माणसाशी माझी तुलना कधी थांबणार?” हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे फार वेगवेगळ्या तोंडून येतो. लाडक्या मुख्याध्यापकांच्या निवृत्तीनंतर त्यांच्या खुर्चीत बसलेल्या बाई तो विचारतात, नावाजलेल्या वडिलांचा दवाखाना चालवणारा डॉक्टर विचारतो, आणि थोरल्या जावेच्या हातच्या चवीवरून रोज तोलली जाणारी धाकटी जाऊही विचारते. या प्रश्नाला मी आता जे उत्तर देते, ते मला एका माजी मुष्टियोद्ध्याबरोबर काम करताना सापडले. त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून ते येथे मांडते आहे.

साठी ओलांडलेले हे गृहस्थ नाशिकरोडला राहतात. एकेकाळी ते आपल्या वजनगटात राज्यविजेते होते आणि आता संध्याकाळी मुलांना बॉक्सिंग शिकवतात. पत्नीने आग्रह केला म्हणून ते आले होते. त्यांच्या गुरूंच्या, म्हणजे सगळे ज्यांना ‘दादा’ म्हणत त्यांच्या स्मरणार्थ भरलेल्या स्पर्धेत निवेदकाने त्यांची ओळख ‘दादांचे शिष्य’ एवढीच करून दिली आणि हे बक्षिसे न देताच व्यासपीठावरून उतरून निघून गेले. त्यानंतर त्यांची झोप उडाली होती आणि सरावाला येणाऱ्या मुलांवर ते विनाकारण ओरडू लागले होते. “मॅडम, मीही विजेताच होतो, पण या गावात मी आजही फक्त दादांच्या नंतरचा आहे,” हे त्यांचे पहिलेच वाक्य होते.

मनाच्या गोष्टीकडे वळण्याआधी मी त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवले. ज्याने वर्षानुवर्षे डोक्यावर ठोसे झेलले आहेत, त्याच्या चिडचिडीचे आणि विस्मरणाचे मूळ मेंदूच्या इजेतही असू शकते. अमेरिकेतील डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी मुष्टियोद्ध्यांमधील या विकाराचे वर्णन १९२८ सालीच करून ठेवले आहे, आणि समुपदेशकाने ही शक्यता तपासल्यावाचून केवळ बोलत राहणे मला धोक्याचे वाटते. तपासणीत काळजीचे काही आढळले नाही, तेव्हाच आम्ही पुढे गेलो.

पहिल्या तीन भेटी तक्रारींतच गेल्या. कोणी सत्कार केला नाही, वर्तमानपत्राने काय छापले, कोणत्या पुढाऱ्याने कोणाचे नाव घेतले, ही सगळी यादी त्यांना तारीखवार पाठ होती. चौथ्या भेटीला त्यांच्या पत्नीही आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “अहो, पण तुम्ही तरी पोरांना तुमची एखादी लढत कधी सांगितली आहे का? जेव्हा बघावं तेव्हा दादांच्याच लढती सांगता.” ते गप्प झाले. भिंतीवर फोटो दादांचा, उदाहरणे दादांची, आणि नवा पालक आला की ‘मी दादांच्या हाताखाली तयार झालो’ हेच पहिले वाक्य. तीस वर्षे त्यांनी स्वतःची ओळख जशी करून दिली होती, तशीच ती निवेदकाने करून दिली होती. मला तेव्हा प्रश्न पडला तो लोकांविषयी नव्हे, तर यांच्याविषयी: आपला विजय हा माणूस स्वतःच का झाकून ठेवतो आहे?

उत्तर हळूहळू आले. ज्या अंतिम लढतीत ते राज्यविजेते झाले, तिच्यात समोर दादाच होते, आणि दादांचे पाय तेव्हा जड झाले होते.

या ठिकाणी मी त्यांच्याशी लॅरी होम्स या अमेरिकी मुष्टियोद्ध्याविषयी बोलले. महंमद अलींचे सरावातील जोडीदार म्हणून घडलेले होम्स १९७८ मध्ये केन नॉर्टन यांना १५ फेऱ्यांच्या लढतीत हरवून जागतिक विजेते झाले. २ ऑक्टोबर १९८० रोजी लास व्हेगासमध्ये त्यांच्यासमोर ३८ वर्षांचे, थकलेले अली उभे राहिले. अलींच्या प्रशिक्षकांनी १० फेऱ्यांनंतर लढत थांबवली, आणि जिंकलेले होम्स रडले. कारकिर्दीत त्यांनी आपले अजिंक्यपद एकूण तब्बल २० वेळा राखले, तरी ‘अलींनंतरचा’ हे बिरुद सुटले नाही. ४८ लढती अपराजित राहून १९८५ मध्ये ते मायकेल स्पिंक्स यांच्याकडून हरले, तेव्हा ४९ विजयांवर अपराजित निवृत्त झालेल्या आणि केव्हाच निवर्तलेल्या रॉकी मार्सियानो यांच्याविषयी ते असे काही हिणकस बोलून गेले की नंतर त्यांना माफी मागावी लागली. मनात साठलेला सल नेमक्या माणसाकडे वळत नाही तेव्हा तो असा भलत्यावरच फुटतो, आणि आपले सर मुलांवर ओरडत होते तेही मला याच जातीचे वाटले.

होम्स यांचे नाव निघताच सरांचा चेहरा बदलला. होम्स यांचा डावा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, किती लांबून आणि किती अचूक येई, हे खुर्चीतून उठून दाखवत ते पाच-सात मिनिटे बोलत राहिले. इतक्या भेटींत ते बॉक्सिंगवर आनंदाने बोललेले मी प्रथमच पाहत होते. मग मी म्हणाले की त्या रात्री होम्स ठोसे आवरत होते आणि लढत थांबवावी म्हणून पंचांकडे पाहत होते, असे सांगतात. सर खाली बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, “तिसऱ्या फेरीत मीही पंचांकडे पाहिलं होतं.”

तो सगळा तास त्या एका फेरीवर गेला. ज्या हातांनी आपल्या मुठींना पट्ट्या बांधायला शिकवले, त्याच माणसाला सर्वांसमोर वाकवल्याची बोच त्यांना इतकी होती की तो विजय त्यांनी स्वतःच्या खात्यावर कधी लिहूनच घेतला नव्हता. आणि जो आपण स्वतः मान्य केला नाही, तो लोकांनी मात्र मान्य करावा, ही अपेक्षा चाळीस वर्षे पुरी होत नव्हती. दादांवरचे प्रेम खरे होते, दादांवरचा रागही खरा होता, आणि दोन्ही एकाच माणसावर असल्यामुळे एकाचीही वाच्यता झाली नव्हती. म्हणून आता तुलनेने खचलेल्या माणसाला मी ‘लोकांकडे लक्ष देऊ नका’ असे सांगत नाही. या सल्ल्याने कोणाचे भले झालेले मी पाहिलेले नाही. मी विचारते, आधीच्या माणसाविषयी तुम्हाला स्वतःला काय वाटते, आणि तुमचे स्वतःचे कोणते काम तुम्ही आजवर कोणालाही नीट सांगितलेले नाही? मुख्याध्यापक बाईंना याचे उत्तर द्यायला दोन महिने लागले. झोप आणि उमेद दोन आठवड्यांहून अधिक काळ हरवलेली असेल, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला उशीर करू नये.

सरांचा राग पूर्ण गेलेला नाही. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेतही निवेदकाने तेच शब्द वापरले आणि त्यांना ते लागलेच, पण या वेळी बक्षिसे देऊन ते घरी गेले. शेवटच्या भेटीत त्यांनी सांगितले की आदल्या संध्याकाळी सराव संपल्यावर मुलांना बसवून त्यांनी ती अंतिम लढत पहिल्या घंटेपासून सांगितली. एका मुलाने विचारले, “सर, तुम्ही जिंकत होता, मग पंचांकडे कशाला पाहिलंत?” सरांचे उत्तर लांबत गेले, आणि मुलांना न्यायला आलेले पालकही दारात उभे राहून ऐकत होते.