लाइफटाइम सपोर्ट म्हणजे नक्की काय, ते आधी लिहून घ्या

पत्र: मी नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालोय. मुलगा बीकॉम आहे, अंबडला एका कंपनीत स्टोअरला होता, आता ती नोकरी सोडून गंगापूर रोडला एका कॅफे ब्रँडची फ्रँचायझी घ्यायची म्हणतोय. फ्रँचायझी फी 6 लाख, करार 5 वर्षांचा, रॉयल्टी दर महिन्याच्या विक्रीवर 6 टक्के. कंपनीचा माणूस म्हणतो अनुभव लागतच नाही, पुण्यात 10 दिवस ट्रेनिंग देतो आणि पुढे लाइफटाइम सपोर्ट. रविवारी टोकन द्यायला बोलावलंय. द्यावं का?

उत्तर:

काका, नमस्कार. रविवारी टोकन देऊ नका, एवढं आधी सांगतो, मग बाकीचं बोलू. ब्रँड वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पण पहिल्या 10 दिवसांचं ते सगळं सांगतात आणि नंतरच्या 5 वर्षांचं विचारलं की लाइफटाइम सपोर्ट म्हणून मोकळे होतात, हे काही मला पटत नाही. मुलाला अनुभव नाही, म्हणजे तुम्ही ब्रँडच्या बोर्डापेक्षा जास्त शिकवणीच विकत घेताय की.

सुरुवातीचं ट्रेनिंग बहुतेक सगळे देतात आणि बरं देतात, कारण दुकान उघडल्याशिवाय त्यांचीही रॉयल्टी चालू होत नाही. अडचण नंतर येते. पुण्याला मुलगा जाणार आणि सोबत दोन पोरं, त्यातला एक दिवाळीला गावी जातो तो परत येतच नाही, दुसऱ्याला कॉलेज रोडवर कुणीतरी हजार रुपये जास्त देतं, मग नवीन पोरगा येतो आणि त्याला शिकवणार कोण तर तुमचा मुलगा, जो स्वतः 10 दिवसच शिकलाय. नवीन पोरगा दूध मापाने नाही, अंदाजाने ओततो. कपामागे 20 मिली जास्त गेलं आणि दिवसाला 200 कप धरले तर 4 लिटर दूध झालं, 60 रुपये लिटरने रोजचे 240, महिन्याचे 7 हजाराच्या वर. गल्ल्यात हे दिसत नाही, विक्री तर चांगली चाललेली असते, म्हणून पोरांना वाटतं सगळं झकास आहे.

आता रॉयल्टीचं बघा. महिन्याला 4 लाख विक्री झाली तर 6 टक्क्यांनी 24 हजार, त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 28,320. आणि कॅफेला साधारण 5 टक्के जीएसटीची स्कीम लागते, तिच्यात इनपुट क्रेडिट, म्हणजे खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही, त्यामुळे तो वरचा टॅक्सही तुमच्याच खिशातून (सीएकडून एकदा खात्री करून घ्या). नफा असो नसो, हे पैसे जाणारच, मग त्या बदल्यात दर महिन्याला काय मिळतं हे विचारायला लाजायचं कशाला?

आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही, सगळं करारावर चालतं. अमेरिकेत सही किंवा पैसे घेण्याच्या किमान 14 दिवस आधी कंपनीला 23 मुद्द्यांची माहिती लेखी द्यावी लागते आणि त्यातल्या 11व्या मुद्द्यात ट्रेनिंगचा तक्ता असतो: विषय काय, वर्गात किती तास, कामावर किती तास, कुठे. शिकवणाऱ्याचा अनुभव किती, खर्च कोणाचा, नंतर उजळणीचं ट्रेनिंग (रिफ्रेशर) आहे का, हेही तिथेच सांगावं लागतं. इथे कुणी सक्ती करत नाही, पण तुम्ही तसाच तक्ता करून कंपनीला मेल करा आणि भरून मागा. त्यात तुमच्या दोन ओळी घाला, की नवीन स्टाफला ट्रेनिंग दिलं तर माणशी किती घेणार, आणि नवीन मेनू आला की ट्रेनर नाशिकला येणार का नुसती पीडीएफ व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणार. बऱ्याच ठिकाणी सपोर्ट म्हणजे तो ग्रुपच असतो हो! एरिया मॅनेजरच्या व्हिजिटही ट्रेनिंगमध्ये धरू नका, तो ऑडिटला येतो, फोटो काढतो, दंड लावून जातो. फूड सेफ्टीचं ट्रेनिंगही त्यांनी आपलं म्हणून मोजलं तर मान्य करू नका, फूड लायसन्सवाल्यांना 25 कामगारांमागे एक ट्रेन्ड सुपरवायझर ठेवायलाच लागतो, ब्रँड असो नसो.

मग मुलाला घेऊन त्याच ब्रँडच्या दोन वर्षं जुन्या आउटलेटला जा. कंपनीने दिलेले नंबर सोडून मॅपवर स्वतः शोधा, पुणे, संभाजीनगर, कुठेही. मधल्या वारी दुपारी तीन-साडेतीनला जा, तेव्हा मालक निवांत असतो. कॉफी घ्या आणि एकच विचारा, ट्रेनर शेवटचा कधी आला होता? उद्घाटनाला, असं म्हणाला तर समजून जा. बंद पडलेल्यातला एखादा मालक सापडला तर त्याच्याशी आधी बोला, तो जास्त खरं सांगेल.

2027 च्या कुंभमेळ्यात धंदा होईल असंही ते सांगतील, सगळेच सांगतायत. गर्दीला नवी पोरं लागणार आणि त्यांना शिकवणार कोण, तर पुन्हा तोच प्रश्न.

मुलाला माझं सांगणं, आधी दोन-तीन महिने एखाद्या चालू कॅफेत काउंटरला काम कर, पगार कमी मिळाला तरी चालेल. स्टोअरचं काम केलंय म्हणजे स्टॉक आणि वेस्टेज त्याला लवकर कळेल, हे त्याचं प्लस आहे.

कराराचा ड्राफ्ट मात्र टोकनच्या आधी मागा. ट्रेनिंगच्या कलमात "कंपनीला योग्य वाटेल तेव्हा" असं असेल तर ते काढून वर्षाला किती व्हिजिट आणि येण्याजाण्याचा, राहण्याचा खर्च कोणाचा, हे आकड्यात लिहून घ्या. वाद झाला तर कुठल्या शहरातल्या कोर्टात जायचं ते शेवटच्या पानांवर असतं, तेही वकिलाला दाखवा. ड्राफ्ट टोकननंतरच देतो म्हणाले तर पैसे बँकेतच राहू द्या.