जेसनसाठी ३५ हजारांचा क्लास लावू नका

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंय की मुलगी बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, इंटरव्ह्यूत तिला विचारलं "ऑब्जेक्टचं जेसन स्ट्रिंग करायचे ऑप्शन सांग" (जेसन म्हणजे प्रोग्रॅम एकमेकांना माहिती पाठवतात तो साधा मजकूर), तिने पायथनचं जेसन डॉट डम्प्स हे फंक्शन सांगितलं आणि "त्यात तारीख असली तर?" म्हटल्यावर गप्प बसली. आता इंदूरच्या भंवरकुआंचा क्लासवाला म्हणतो पायथन सोडा, जावा करा, फी ३५ हजार.

नका भरू. जावातही हेच करायला लागतं, तिथे जॅक्सन नाहीतर जीसॉन लायब्ररी वापरतात एवढंच, भाषा बदलून प्रश्न काही सुटत नाही.

ती अडली कुठे बघा. डम्प्सला डिक्शनरी, लिस्ट, आकडे, स्ट्रिंग असलंच कळतं, तारीख किंवा आपण लिहिलेला क्लास दिला की सरळ टाइपएरर. मग डम्प्सलाच डिफॉल्टमध्ये एक छोटं फंक्शन द्यायचं, ते न कळणाऱ्या गोष्टीचं कळेल असं काहीतरी करून देतं, हे बहुतेक कामांना पुरतं. डेटाक्लास (नुसती माहिती ठेवायचा पायथनचा तयार क्लास) असेल तर ॲजडिक्ट फंक्शन वापरून डिक्शनरी घ्या (तारीख तरी तशीच राहते हं, डिफॉल्ट लागतंच), जेसनएन्कोडरवरून स्वतःचा एन्कोडर लिहिता येतो, आणि फास्टएपीआय या वेब फ्रेमवर्कवाले पायडँटिक लायब्ररी वापरतात. ऑब्जेक्टची सगळी फील्डं उचलून तशीच ओतणं पोरांना पटकन सुचतं, पण त्यात पासवर्डपण बाहेर जातो ना! कंपनीवाल्यांना मला वाटतं हेच बघायचं असतं, काय पाठवायचं नि काय नाही ते मुलीला ठरवता येतं का.

तर तिला म्हणा, सराफ्यातल्या एखाद्या दुकानाची ऑर्डर घे, त्यात तारीख टाक, रक्कम डेसिमल या अचूक दशांशाच्या टाइपमध्ये टाक (हेही डम्प्सला चालत नाही, स्ट्रिंग करून पाठवायची), गिऱ्हाइकाचं नाव मराठीत लिही. नाव टाकलं की अक्षरांऐवजी यू आणि आकड्यांची रांग दिसेल, घाबरू नको म्हणावं, डेटा बरोबर असतो, डम्प्समध्ये एनशुअर आस्की फॉल्स केलं की नीट देवनागरी दिसतं. मग ऑर्डरमध्ये गिऱ्हाईक आणि गिऱ्हाइकात परत तीच ऑर्डर ठेवून बघ, पायथन सर्क्युलर रेफरन्स म्हणून थांबेल, तेव्हा एका बाजूला नुसता आयडी ठेवायचा.

एवढं जमलं की गिटहबवर टाकून लिंक रेझ्युमेत द्यायची. आणि जावा शिकायचीच हौस असेल तर हीच ऑर्डर जॅक्सनने करून बघू दे, तिथे तोच फेरा एका बाजूच्या फील्डवर जेसनइग्नोर लावून तोडतात, त्याला क्लास लागत नाही.